सगळ्यात जास्त पॅकेजेस कुठे, यापेक्षा तुमची पॅकेजेस कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळला आहे की नाही ते तुम्हाला दिसेल. तुम्ही कर्वेनगरला राहता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे कार्ड आहे, त्यावर आता लिनक्स टाकायचे आहे. रोबोटिक्सच्या प्रोजेक्टसाठी आरओएस २ (रोबोटचे प्रोग्राम लिहिण्याची चौकट) हवे, सर्किट काढायला कायकॅड हवे, मित्रांबरोबरच्या वेब प्रोजेक्टला मोंगोडीबी हा डेटाबेस हवा. आजोबांकडच्या जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून त्यांतला मजकूर काढायचा आहे. शिवाय बाबा याच लॅपटॉपवर जीएसटीचे रिटर्न भरतात, त्यांचे डिजिटल सहीचे टोकन चालायला हवे. आणि तुम्ही विचारता: डेबियन या डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचात, सत्तर हजारांच्या घरात पॅकेजेस (बसवायला तयार सॉफ्टवेअर) आहेत, निक्सचा आकडा लाखाच्या वर जातो, आर्चच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनी भरलेल्या साठ्यात) तर काहीही सापडते. मग सगळ्यात मोठा साठा असलेली डिस्ट्रो घेतली की काम झाले ना?

होत नाही. बावीस वर्षे मी पुण्यात लिनक्सचेच काम करतो आहे. कॉलेजांच्या लॅब, भोसरी-चाकणमधल्या लहान कारखान्यांचे सर्व्हर, संशोधन करणाऱ्या मुलांची मशीन्स. इतक्या वर्षांत डिस्ट्रो चुकली म्हणून काम अडलेले मी अनेकदा पाहिले, पण एकूण पॅकेजेस कमी पडली म्हणून अडलेले एकही आठवत नाही. दर वेळी अडचण एकाच पॅकेजची असते: ते नसते, किंवा असून जुने असते, किंवा त्याच्याकडे बघायला कोणी उरलेले नसते.

आधी आकड्यांचे बघू. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले तेव्हा त्यात ६९,८३० पॅकेजेस होती. हा आकडा खरा आहे. पण डेबियनमध्ये एका सॉफ्टवेअरचे अनेक भाग करतात. लायब्ररी वेगळी, तिच्यावर प्रोग्राम लिहायला लागणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या, कागदपत्रे वेगळी, भाषांतरे वेगळी. एकट्या लिब्रेऑफिसची पॅकेजेस मोजायला बसलात तर थकून जाल. आर्चमध्ये लायब्ररी आणि हेडर एकाच पॅकेजात येतात, त्यामुळे तेवढेच सॉफ्टवेअर कमी आकड्यात मावते. निक्सच्या लाखाच्या आकड्यात आर भाषेची आणि हॅस्केलची हजारो मोड्यूल्स धरलेली असतात. डेबियनवर हीच मोड्यूल्स तुम्ही त्या त्या भाषेच्या स्वतःच्या व्यवस्थेतून घ्याल. त्यामुळे या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

अप्पा बळवंत चौकात जाऊन "सगळ्यात जास्त पुस्तके कोणत्या दुकानात?" असे आपण विचारत नाही. विषय सांगतो, लेखक सांगतो, आणि अभ्यासक्रम बदललेला असेल तर आवृत्तीही सांगतो. इथेही तसेच करायचे. कागद घ्या, लागणाऱ्या गोष्टी लिहा, आणि प्रत्येकीपुढे चार उत्तरे भरा: रेपोमध्ये (डिस्ट्रोच्या साठ्यात) आहे का, कोणती आवृत्ती आहे, तिची दुरुस्ती कोण करते, आणि ती किती वर्षे होणार.

पहिल्या दोन उत्तरांसाठी रेपॉलॉजी नावाची सोय आहे. सॉफ्टवेअरचे नाव टाकले की कोणत्या डिस्ट्रोत त्याची कोणती आवृत्ती आहे ते एका तक्त्यात दिसते. सर्वांत नवी असेल तर हिरवी, मागे पडलेली असेल तर लाल. पण लाल दिसले म्हणजे वाईट, असे समजू नका. डेबियनसारख्या स्थिर डिस्ट्रोत आवृत्तीचा आकडा गोठवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या आवृत्तीत बसवतात. आकडा जुना दिसला तरी आतली भोके बुजवलेली असतात.

शोधताना नावांची गल्लत होते, तीही सांगून ठेवतो. "आमच्या डिस्ट्रोत हे नाहीच" असे म्हणणाऱ्या निम्म्या मुलांनी चुकीचे नाव शोधलेले असते. अपाचे वेब सर्व्हर डेबियनमध्ये 'अपाचे२' आहे, फेडोरात 'एचटीटीपीडी', आर्चमध्ये नुसता 'अपाचे'. हेडर फाइल्सच्या पॅकेजाचे शेपूट डेबियन-उबुंटूत 'डेव्ह' असते, फेडोरात 'डेव्हल'. कधी पॅकेज बसते पण आज्ञेचे नाव बदललेले असते: 'बॅट' हे छोटे साधन डेबियनवर 'बॅटकॅट' म्हणून चालवावे लागते, कारण 'बॅट' हे नाव आधीच दुसऱ्या पॅकेजाने घेतलेले होते. फाइलचे नाव माहीत आहे पण पॅकेजाचे नाही, अशा वेळी डेबियनवर 'ॲप्ट-फाइल' आणि फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' कामाला येतात. या दोन आज्ञा पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या.

आता तुमची यादी घेऊ. यातल्या एका नावावरच बराचसा निर्णय होतो, म्हणून तिथे जास्त वेळ देतो.

आरओएस २ ची प्रत्येक आवृत्ती उबुंटूच्या एका ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. हंबल ही उबुंटू २२.०४ साठी आणि जॅझी ही २४.०४ साठी. जॅझी मे २०२४ मध्ये आली आणि तिला मे २०२९ पर्यंत आधार आहे. उबुंटू २४.०४ च्या नेहमीच्या पाच वर्षांची मुदतही २०२९ मध्येच संपते, म्हणजे दोन्ही बरोबर चालतात. तयार डेब पॅकेजेस (डेबियन-उबुंटूच्या रूपातली) या जोडीसाठी मिळतात. डेबियनवर जॅझी स्वतः बांधून घेता येते, पण शेकडो पॅकेजेसचे बांधकाम करत बसायला शेवटच्या वर्षात वेळ नसतो. आर्चवर एयूआरमध्ये आरओएसची पॅकेजेस सापडतील, पण आर्च रोज पुढे सरकते. पायथनची नवी आवृत्ती आली की जुन्या पायथनवर बांधलेले सगळे पुन्हा बांधायला घ्यावे लागते. आणि हे नेमके प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आठवड्यातच होते, हा माझा अनुभव आहे.

इथे लिनक्स मिंटबद्दल सांगतो, कारण तुमचे मित्र तो सुचवतीलच. मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभा आहे आणि रोजच्या वापराला फार चांगला आहे. मात्र आरओएसची रेपो जोडताना उबुंटूचे सांकेतिक नाव 'नोबल' लागते, आणि मिंट विचारल्यावर स्वतःचे नाव सांगतो. रेपोच्या ओळीत मिंटचे नाव पडले की सर्व्हरवर तसा फोल्डरच नसतो आणि ॲप्ट चूक दाखवते. ओळ दुरुस्त केली की चालते. फक्त हे कारण आधी माहीत हवे, नाहीतर एक अख्खी रात्र त्यात जाते.

कायकॅडची गोष्ट निराळी आहे. ते सगळीकडे मिळते, पण इथे आवृत्तीच महत्त्वाची ठरते. उबुंटू २४.०४ च्या रेपोत कायकॅड ७ आहे, डेबियन १३ मध्ये ९ आहे. नव्या कायकॅडमध्ये साठवलेली फाइल जुन्यात उघडत नाही. जुनी नव्यात उघडते, पण एकदा तिथे साठवली की परतीचा रस्ता बंद होतो. तुमच्या गटात चौघे असतील आणि तिघांकडे ९ असेल, तर चौथ्याला तपकीर गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांची यादीसुद्धा उघडून बघता येणार नाही. म्हणून गटाने आधी बसून एकच आवृत्ती ठरवा. उबुंटूवर नवी हवी असेल तर कायकॅडवाल्यांचा स्वतःचा पीपीए (उबुंटूसाठीची बाहेरची रेपो) आहे, फ्लॅटहबवर फ्लॅटपॅकही (कोणत्याही डिस्ट्रोवर चालणारे पॅकेज) आहे. मी पीपीए घेतला असता, कारण सॉफ्टवेअर लिहिणारेच तो चालवतात.

मोंगोडीबी डेबियनमध्ये किंवा फेडोरात शोधाल तर सापडणार नाही. तो आळस नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबीने परवाना बदलला. नवा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नाही असे डिस्ट्रोंनी ठरवले आणि पॅकेज काढून टाकले. एखादे पॅकेज रेपोत का नाही, याचे कारण कित्येकदा परवान्यात असते. मोंगोडीबीची स्वतःची रेपो आहे आणि उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्त्यांसाठी त्यात पॅकेजेस मिळतात. वेब प्रोजेक्टपुरते लागणार असेल तर मात्र माझे मत स्पष्ट आहे: ते डॉकरमध्ये, म्हणजे सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनरमध्ये, चालवा. प्रोजेक्ट संपला की कंटेनर काढून टाकता येतो आणि मूळ सिस्टिमला हातही लागत नाही.

मराठीची बाजू बहुतेक लोक शेवटी बघतात, आणि मग चिडतात. तुमच्याकडे ती यादीतच आहे, याचा मला आनंद आहे. टेसरॅक्ट हे ओसीआरचे, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखण्याचे, इंजिन सगळ्या डिस्ट्रोंत आहे, पण मराठीचा डेटा वेगळ्या पॅकेजात येतो आणि तो आपोआप बसत नाही. डेबियन-उबुंटूत त्याचे नाव टेसरॅक्ट-ओसीआर आणि शेवटी एम-ए-आर अशी तीन अक्षरे. फेडोरातही शेवट तोच, मधे 'लँगपॅक' येते. लिब्रेऑफिसच्या मराठी पॅकेजाला मात्र एम-आर ही दोनच अक्षरे असतात. मराठीचे काहीही शोधताना दोन्ही संक्षेप टाकून बघा, नाहीतर असलेली गोष्टही नाही असे वाटेल. आवृत्तीही पाहा: उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्ट ४.१.१ होते, २४.०४ मध्ये ५.३.४ आहे. जुन्या दिवाळी अंकांचा कागद पिवळा पडलेला असतो आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली असते. तिथे इंजिनपेक्षा स्कॅनची स्वच्छता जास्त कामाची. ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका, आणि ओसीआरला देण्याआधी पान काळे-पांढरे करून घ्या.

टायपिंगसाठी 'आयबस-एम१७एन' घ्या. त्यात मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही आराखडे आहेत. फॉन्टमध्ये एक बारकावा असतो: मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. लोहित कुटुंबात खास मराठीसाठी वेगळा फॉन्ट ठेवलेला आहे, तो डेबियन आणि फेडोरा दोन्हींत पॅकेज म्हणून मिळतो. आजोबांना स्क्रीनवर त्यांच्या ओळखीचा ल दिसावा असे मला मनापासून वाटते. अंकातल्या छापील पानावर तोच ल आहे.

बाबांच्या टोकनसाठी सॉफ्टवेअर टोकन बनवणारी कंपनी देते, डिस्ट्रो देत नाही. ज्यांचा लिनक्ससाठी ड्रायव्हर आहे, त्यांचा तो बहुधा डेब फाइल म्हणून मिळतो, काहींचा आरपीएमही (फेडोरा-रेड हॅटचे रूप) असतो. प्रिंटरचेही असेच. पेठांमधल्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर मी कित्येक ठिकाणी लिनक्सवर चालवून दिला आहे. त्याचाही ड्रायव्हर डेब आणि आरपीएम एवढ्याच रूपांत मिळत होता. आर्चवर तो चालला तो कोणीतरी डेब फोडून एयूआरमध्ये ठेवला म्हणून. त्या माणसाने लक्ष देणे सोडले आणि पुढच्या अपडेटनंतर दुकानाची छपाई दोन दिवस बंद राहिली. तुमच्या टोकनच्या पाठीमागे मॉडेलचे नाव असेल. लिनक्स टाकण्याआधी कंपनीच्या डाउनलोड पानावर ते शोधा. ड्रायव्हर नसेल तर बाबांसाठी विंडोजचे पार्टिशन राहू द्या. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला प्रयोग नकोत.

एनव्हिडियाचे थोडक्यात: उबुंटूत ड्रायव्हर तिथल्याच साधनातून बसतो, डेबियनमध्ये नॉन-फ्री भाग चालू करावा लागतो, फेडोरात आरपीएम फ्यूजन ही बाहेरची रेपो जोडावी लागते. सीयूडीए (ग्राफिक्स कार्डवर गणिते चालवण्याचे एनव्हिडियाचे साधन) वापरणार असाल तर एक अट लक्षात ठेवा. सीयूडीएची प्रत्येक आवृत्ती जीसीसी या कंपायलरच्या एका मर्यादेपर्यंतच चालते. फेडोरा आणि आर्चमध्ये नवे जीसीसी लवकर येते आणि सीयूडीए मागे राहते. अशा वेळी सगळ्यात ताजे पॅकेजच आडवे येते.

आता तिसरे उत्तर, म्हणजे कोण सांभाळते. माझ्या लेखी सगळ्यांत वजनदार हेच आहे.

उबुंटूची रेपो एकच दिसते, पण तिच्या आत 'मेन' आणि 'युनिव्हर्स' असे भाग आहेत. मेनमधल्या पॅकेजांची सुरक्षा कॅनॉनिकल ही कंपनी पाहते. युनिव्हर्स खूप मोठा आहे आणि तिथली दुरुस्ती समुदायाला जमेल तशी होते. त्याही पॅकेजांना नियमित सुरक्षा अपडेट हवे असतील तर उबुंटू प्रो लागते. वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे, ते जरूर चालू करा. तुमचे टेसरॅक्ट आणि कायकॅड युनिव्हर्समध्येच आहेत. डेबियनमध्ये हा भेद नाही. तिथला 'मेन' म्हणजे जवळजवळ सगळे, आणि त्याची काळजी एकच सुरक्षा गट घेतो. तीन वर्षे पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षे एलटीएसचा. डेबियनची मोठी संख्या मला आवडते ती यासाठी, की त्या प्रत्येक पॅकेजावर कोणाचे तरी नाव लिहिलेले असते.

एयूआरबद्दल माझ्या मनात आदर आहे. तिथे पॅकेज कसे बांधले जाते त्याची कृती उघडी ठेवलेली असते, ती वाचूनच शिकलेले अनेक जण मला माहीत आहेत. पण ती कृती कोणीही चढवू शकतो, आर्चचे लोक ती आधी तपासत नाहीत. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरची सुधारित रूपे असल्याचे भासवणारी तीन पॅकेजेस तिथे आली. त्यांच्यातून मशीनचा ताबा दूरवरून घेणारा घातक प्रोग्राम बसत होता. दोन दिवसांत ती काढली गेली. एयूआरमधले प्रत्येक पॅकेज बसवण्याआधी त्याची कृती वाचायची असते. तुम्ही वाचणार असाल तर आर्च घ्या, खूप शिकाल. वाचणार नसाल तर तो मोठा साठा तुमच्यासाठी नाही.

पीपीएलाही हेच लागू आहे. पॅकेज बसताना त्याच्या आतल्या स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने चालतात. म्हणजे पीपीए जोडणे म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देणे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा स्वतःचा पीपीए असेल तर द्यावी, कोणाच्या तरी टोपणनावाचा असेल तर देऊ नये. शिवाय उबुंटू पुढच्या आवृत्तीवर नेताना बाहेरच्या रेपो बंद केल्या जातात, पण त्यांतून आलेली पॅकेजेस तशीच पडून राहतात. पुढे काही बिघडले की त्याचे मूळ तिथे सापडते.

ताजेपणाची किंमत काय असते, ते मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिले. एक्सझेड या छोट्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा ठेवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याला एसएसएचचे (दूरच्या मशीनवर जाण्याचे) लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळते आहे असे जाणवले, त्याने माग काढला आणि २९ मार्चला ते जाहीर केले. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत, फेडोरा रॉहाइडमध्ये, ओपनसुसे टंबलवीडमध्ये पोचल्या होत्या. डेबियन स्थिर आणि उबुंटू एलटीएसपर्यंत मात्र आल्या नव्हत्या. त्या दिवशी माझ्याकडच्या सगळ्या सर्व्हरवर मी आवृत्ती तपासली. त्या आवृत्त्या असलेला एकही सापडला नाही, कारण सगळे 'जुने' होते.

एका लॅबची गोष्ट सांगतो. कॉलेजचे नाव नको. तिथे चाळीस मशीन्सवर आर्चवर आधारलेली एक डिस्ट्रो टाकली होती, कारण मागितलेले सगळे एयूआरमध्ये मिळत होते. ही डिस्ट्रो आर्चची पॅकेजेस काही दिवस थांबवून मग सोडते. एयूआर मात्र आर्चच्या आजच्या स्थितीसाठी लिहिलेले असते. म्हणजे खालचा मजला जुना आणि वरचा नवा. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अपडेट झाले आणि निम्म्या मशीन्सवर सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर लायब्ररी सापडत नाही म्हणून उघडेना. रात्री अकरापर्यंत आम्ही तिथे होतो. मुले बाहेर कट्ट्यावर बसून कागदावर सराव करत होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही. पुढच्या सत्रात तिथे डेबियन बसवले. एका पॅकेजाची आवृत्ती जुनी पडली, ती बॅकपोर्ट्समधून (स्थिर डेबियनसाठी नव्या आवृत्त्या देणाऱ्या रेपोतून) घेतली, आणि नंतर तिथून रात्रीचा फोन आला नाही.

भोसरीचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. भागांवरचा ताण मोजणारे महागडे सॉफ्टवेअर वापरणारा एक कारखाना होता. जुना सेंटओएस ७ चा सर्व्हर आधाराबाहेर गेला, ३० जून २०२४ ला त्याची मुदत संपली. त्यांच्या तरुण अभियंत्याने "इथे सगळे नवे मिळते" म्हणून फेडोरा टाकली. सॉफ्टवेअर बसले, पण त्याचा लायसन्स सर्व्हर सुरू होईना. चूक अशी दिसे: अशी फाइल नाही. फाइल तर समोर होती. खरी गोष्ट अशी की त्या प्रोग्रामला एलएसबी या जुन्या मानकाचा लोडर हवा होता, आणि नव्या डिस्ट्रोंमधून तो गेलेला आहे. प्रोग्राम आहे, पण त्याला उठवणारा लोडर नाही, तरी संदेश "फाइल नाही" असाच येतो. आम्ही विक्रेत्याच्या कागदावर कोणत्या डिस्ट्रोची नावे आहेत ते पाहिले, रेड हॅटच्या ८ व्या आवृत्तीशी जुळणारी अल्मालिनक्स टाकली, एलएसबीचे पॅकेज घातले आणि काम सुरू झाले. अशा ठिकाणी रेपोतली हजारो पॅकेजेस निरुपयोगी असतात. विक्रेत्याच्या कागदावरच्या ओळीच खऱ्या.

त्याच सेंटओएस ७ वर दुसरी अडचणही आली होती, ती तुम्हालाही कधीतरी भेटेल. त्यात जीलिबसी (जवळजवळ सगळ्या प्रोग्रामांना लागणारी मूळ लायब्ररी) २.१७ होते. बाहेरून आणलेला तयार प्रोग्राम नव्या जीलिबसीवर बांधलेला असेल तर जुन्या सिस्टिमवर चालत नाही. उलट जुन्यावर बांधलेला नव्यावर चालतो. म्हणून फार जुनी डिस्ट्रो घेतली की बाहेरून आणलेले तयार प्रोग्रामही हातचे जातात. उबुंटू २४.०४ मध्ये २.३९ आहे, डेबियन १३ मध्ये २.४१. तुम्हाला काही वर्षे तरी काळजी नाही.

नाव तेच पण आतला माल वेगळा, असेही घडते. उबुंटूवर ॲप्टने फायरफॉक्स मागवले तर २२.०४ पासून स्नॅप (उबुंटूचे वेगळ्या रूपातले पॅकेज) येते. फेडोराने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणाने मेसा या ग्राफिक्स लायब्ररीमधून एच.२६४ या व्हिडिओ-रूपाचे हार्डवेअर डीकोडिंग काढले. पॅकेज तिथेच आहे, पण व्हिडिओ बघताना पंखा जोरात फिरतो. आरपीएम फ्यूजनमधले पर्यायी पॅकेज टाकले की शांत होतो.

"मग एकाच डिस्ट्रोत अडकून पडायचे का?" असे तुम्ही विचाराल. आता तसे राहिलेले नाही. डिस्ट्रोबॉक्स नावाचे साधन आहे, ते डॉकर किंवा पॉडमनवर चालते. डेबियनवर बसून त्यात उबुंटू २४.०४ उघडता येते, त्यात आरओएस टाकता येते, आणि गझेबो या रोबोट-सिम्युलेटरची खिडकी तुमच्याच डेस्कटॉपवर येते. घरचे फोल्डर तेच राहते. एनव्हिडियासाठी बॉक्स तयार करतानाच एक जादा पर्याय द्यावा लागतो. पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा. डेबियन १२ पासून आणि नव्या उबुंटूंत पिप (पायथनची पॅकेजेस आणणारी आज्ञा) थेट सिस्टिममध्ये काही टाकू देत नाही, आणि तो अडथळा तुमच्या भल्यासाठी आहे. तो जबरदस्तीने ओलांडायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका.

तरी काही गोष्टी कंटेनरमध्ये जात नाहीत: कर्नल, ग्राफिक्सचे ड्रायव्हर, मराठीची इनपुट व्यवस्था, प्रिंटर, बाबांचे टोकन. यूएसबीची परवानगीही बाहेरच्या सिस्टिमवरच द्यावी लागते. लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) किंवा मायक्रोकंट्रोलर जोडला आणि "परवानगी नाही" आले तर स्वतःला 'डायलआउट' गटात घाला. आर्चवर त्याच गटाचे नाव 'यूयूसीपी' आहे. म्हणून या मूळ गोष्टींसाठी डिस्ट्रो निवडा आणि बाकीचे कंटेनरवर सोपवा.

माझा निर्णय असा. तुम्ही उबुंटू २४.०४ एलटीएस टाका. आरओएस जॅझी आणि तिचा गझेबो थेट मिळेल, एनव्हिडियाचा त्रास कमी, टोकनची डेब फाइल असेल तर बसेल, मराठी पॅकेजेस सगळी आहेत. कायकॅड त्यांच्याच पीपीएवरून, मोंगोडीबी डॉकरमध्ये, उबुंटू प्रो चालू. बाहेरची रेपो दोन किंवा तीन, त्याहून जास्त नको. तुमच्या यादीत आरओएस नसते तर मी बिनदिक्कत डेबियन १३ सांगितले असते. तुमच्या धाकट्या भावाला नंतर सिस्टिमची आतली रचना शिकायची असेल तर त्याच्या जुन्या मशीनवर आर्च टाकू द्या. मात्र ते मशीन ३२ बिटांचे असेल तर आर्च चालणार नाही, आणि डेबियन १३ लाही ३२ बिटांचा इन्स्टॉलर उरलेला नाही, तिथे डेबियन १२ वरच थांबावे लागेल.

पुसण्याआधी एक दिवस उबुंटू पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. वायफाय, आवाज, झोपेतून उठणे, मराठी टायपिंग, सगळे तपासा. बाबांना बसवून टोकन लावून बघा. बसवून झाल्यावर आणि दोन आठवडे वापरल्यावर 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा चालवा. तुम्ही स्वतः मागवलेल्या पॅकेजांची यादी ती देते. ती एका फाइलमध्ये साठवून प्रोजेक्टच्या गिटमध्ये टाका, शेजारी बाहेरच्या रेपोंची नावे आणि प्रत्येक कशासाठी जोडली ते मराठीत एका ओळीत लिहा. लॅपटॉप बिघडला किंवा गटातल्या दुसऱ्या कोणाच्या मशीनवर हेच उभे करायचे झाले, तर त्या फाइलवरून तासाभरात होते.

टोकनचे मॉडेल आणि ग्राफिक्स कार्डचे नेमके नाव कळवलेत तर ड्रायव्हरची कोणती आवृत्ती घ्यावी ते सांगतो.